जोडाखालचा फुटवा

तुम्ही दोघं जुलैत येणार आहात आणि आईच्या सोनचाफ्यावरून दोन कलमं बांधणार आहात, एक ताईचं आणि एक धाकट्याचं. फेब्रुवारीत ताईनं फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्याला इतकी घाई होती की मला मध्ये बोलताच आलं नाही. "आजी, तू सगळं ओळीनं लिहून पाठव. काय लागतं, आधी काय, मग काय. व्हिडिओवाले प्रत्येक जण वेगळंच सांगतात." मी "बरं" म्हटलं. ओळीनं लिहिणं मला जमतं, माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. तरी या कागदापाशी बसायला मला जून उजाडला.

जे सगळ्यात आधी सांगायला हवं ते आधीच सांगते. अंगणाच्या कडेला जे झाड तुम्ही फोनवर पाहता, ज्याला तुम्ही आईचं झाड म्हणता, ते आईचं झाड नाही. आईचं झाड मी माझ्या हातानं कापलं. तिला मी हे सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. आता तुम्ही त्याच्यावरून काड्या काढायला येणार, म्हणून सांगते आहे.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मलाही सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आणि त्या भाषेत मला स्वतःपासून थोडं लांब उभं राहता येतं. पण तुमच्या आईनं तुम्हाला रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली, ती काही मी इंग्रजीत पत्रं लिहावीत म्हणून नव्हे. अडेल तिथं बाबांना विचारा.

आता ओळीनं.

सोनचाफा दोन तऱ्हांनी वाढवतात, बी पेरून किंवा कलम बांधून. बी पेरायचं तर ते ताजं लागतं. चाफ्याची फळं घोसानं लागतात, खडबडीत, करड्या रंगाची. ती तडकली की आत लालभडक गर दिसतो आणि गराच्या आत बी. पक्ष्यांना तो गर फार आवडतो, त्यामुळे त्यांच्या आधी उठावं लागतं. गर काढायचा, बी राखेत चोळून स्वच्छ करायचं आणि त्याच आठवड्यात पेरायचं. पाकिटात घालून वर तारीख लिहून कपाटात ठेवायचा माझा स्वभाव चाफ्याच्या बियांना चालत नाही, त्या मरतात. कोंब यायला दीड-दोन महिने लागतात. तोवर माती उकरून पाहायची नाही. हे खास धाकट्यासाठी. बियांचं झाड जोमानं वाढतं, सरळ वाढतं, पण फुलायला आठ-दहा वर्षं घेतं. आणि फूल कसं येईल, कुठल्या रंगाचं, किती वासाचं, ते फुलल्यावरच कळतं.

म्हणून कलम बांधतात. बियांपासून आलेल्या रोपाचा शेंडा कापतात. खाली जो मुळांसकटचा बुंधा उरतो त्याला खुंट म्हणतात. ज्या झाडाची फुलं आपल्याला हवी आहेत त्याची बोटभर काडी तासून खुंटाच्या खाचेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात जोड धरतो. त्यानंतर जोडाच्या वर जे वाढेल ते आपलं झाड, आणि जोडाच्या खाली जे फुटेल ते खुंटाचं. खालचा फुटवा नेहमी जोरात असतो, कारण मुळं त्याचीच असतात. तो वेळच्या वेळी काढला नाही तर वरची काडी उपाशी मरते. कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फूल येतं. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. शब्दन् शब्द.

आता त्या झाडाबद्दल, ज्याच्या काड्या होत्या.

साताऱ्याला आम्ही बावीस वर्षं एका भाड्याच्या घरात राहिलो. तुमचे आजोबा कॉलेजात शिकवायचे. घराच्या मागं कपडे धुवायच्या दगडाशेजारी सोनचाफ्याचं झाड होतं, आम्ही राहायला गेलो तेव्हाही जुनंच. त्याचं फूल बाजारातल्या फुलासारखं फिकट पिवळं नव्हतं. केशरीकडे झुकणारं, पाकळ्या अरुंद, आणि वास असा की वाळत घातलेल्या चादरींना संध्याकाळपर्यंत यायचा. तुमची आई त्या झाडावर चढायला शिकली, पडायलाही शिकली. दर वर्षी पहिलं फूल ती काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यात बुडवून ठेवायची, वर घट्ट बूच. तसं फूल महिनोन्‌महिने टिकतं. दहावीच्या परीक्षेला ती बाटली दप्तरात घेऊन गेली आणि ती वर्गातच फुटली. मी तिला फाटकापाशीच रागवायला लागले, तर पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "अहो, नका रागावू. भूमितीच्या पेपरला पहिल्यांदाच वर्गात कुणी रडलं नाही."

सहा वर्षांपूर्वी त्या घराच्या मालकांनी जागा विकली. घर पडणार, झाडही जाणार, हे कळलं तेव्हा तुम्ही सगळे इथं कोळवणला माझ्याकडे सुट्टीला आला होतात. तुमच्या आईनं गाडी काढली. साताऱ्याहून परत येताना काड्या ओल्या पंचात गुंडाळल्या होत्या आणि ताई, तू तो पंचा मांडीवर घेऊन बसली होतीस. तुझा फ्रॉक भिजला आणि तू कुरकुर केली नाहीस. तुला आठवतं की नाही, मला माहीत नाही. धाकटा झोपला होता.

काड्या आम्ही तशाच जवळच्या रिहे गावच्या एका नर्सरीवाल्याकडे नेल्या. त्यानं चार खुंटांवर चार बांधल्या. तीन काळ्या पडल्या. एकीला गणपतीच्या सुमारास दोन पानं आली. मी हळहळले, तर तुमची आई म्हणाली, "एक पुरे गं. मीही तुला एकच आहे ना?"

निघायच्या आदल्या दिवशी तिनं माझं बोट धरून जोडावर ठेवलं. थोडा फुगीर भाग, पट्टी सुटल्यावर राहिलेला वळ. "हा जोड. याच्या खाली काही फुटलं की खुडून टाकायचं." नर्सरीवाल्यानंही बजावलं, "मॅडम, खालचं जंगली वाढू द्यायचं न्हाई. त्ये सगळा जोर खातं." मी वहीत लिहून घेतलं: जोडाखालचं जंगली काढणे.

लावायचं कसं, तेही लिहिते, कारण ते मी बरोबर केलं होतं. पुढच्या जूनपर्यंत कलम पिशवीतच, सावलीत ठेवलं. चाफ्याला पाणी आवडतं पण पाण्यात उभं राहणं आवडत नाही. आपल्याकडे ताम्हिणीकडून येणारा पाऊस चार महिने थांबत नाही, म्हणून भाताच्या खाचराजवळ झाड लावायचं नाही. उताराची, मुरमाड जागा बघायची. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल खड्डा. तळाशी मुरूम, वर माती आणि कुजलेलं शेणखत. कडेच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच उंचवटा करायचा आणि झाड त्यावर. पिशवी फाडताना मुळांभोवतीची माती फुटू द्यायची नाही. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून आडोसा लागतो, मी भिंतीच्या सावलीची जागा घेतली. वर भाताच्या पेंढ्याचा थर. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या फुलपाखराच्या असतात, दोन-चार पानं खाऊन जातात.

चूक त्या उंचवट्यात झाली. प्रत्येक मोठ्या पावसात त्याची माती वाहून जायची आणि प्रत्येक उघडिपीला मी ती परत चढवायचे, थापून, गोल करून. मला तो गोल नीट दिसायला हवा असायचा. दिवाळीपर्यंत माती जोडाच्या वर गेली होती. जोड मातीत गाडायचा नाही, हेही मला पाठ होतं.

एप्रिल आला. आमच्या खोऱ्यात एप्रिलचं ऊन भाजून काढतं आणि दुपारनंतर वारा सुटतो. मातीतून दोन शेंडे वर आलेले दिसत होते. एक गुडघ्याएवढा, वाकडा, भिंतीकडे कललेला, पानांच्या कडा करपलेल्या. दुसरा माझ्या कमरेला लागेल एवढा, काठीसारखा सरळ, तळव्याहून मोठी, ताजी पानं. माझ्या कानात नर्सरीवाल्याचा शब्द होता, जंगली. मी दोन्हींकडे पाहिलं आणि मला क्षणभरही शंका आली नाही. जे वेडंवाकडं, रोगट, ते जंगली. जे सरळ ते आपलं.

गुरुवार हा माझा बागेचा दिवस. सकाळी आठ वाजता मी बागेची कात्री उकळत्या पाण्यात धुऊन घेतली, वाकडा शेंडा मातीलगत तिरका कापला, कापावर हळद लावली, कापलेलं खताच्या खड्ड्यात टाकलं. त्या दिवशीची वही माझ्यापुढे उघडी आहे. तिच्यात लिहिलंय: चाफा साफ केला. आता एकच सरळ शेंडा. त्याचा फोटो काढून मी तुमच्या आईला पाठवला. तिनं लिहिलं, "अगंबाई, केवढा झाला!"

जुलैत शेजारच्या शेतावरची बाई माझ्याकडे गवत काढायला आली. तुम्ही तिला ओळखता, हसताना तोंडावर पदर धरते आणि बोलताना काही धरत नाही ती. चाफ्याशी वाकून तिनं विचारलं, "काकू, ह्याचा जोड कुटं हाय?"

"मातीत गेलाय. माती चढवली ना मी."

तिनं हातानंच माती ओढली. चार बोटं खाली जोड निघाला. पट्टीचा वळ तसाच होता. त्याच्यावर बोटभर सुकलेलं थोटूक, वर तिरका काप, अगदी सफाईचा. आणि सरळ शेंडा निघाला होता तो जोडाच्या खालून.

"ह्यो बगा जोड. आन ह्यो त्याच्या खालनं आलाय. काकू, तुमी खरं कापलं आन खुटाचं ठेवलं."

"असं कसं? हे किती चांगलं वाढलंय."

"वाढनारच की. त्याची मुळं, त्याचंच पानी. झाड म्हनून काय वाईट न्हाई. पन तुमचं न्हाई त्ये."

मी उठून खताच्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिले. एप्रिलपासून जुलैपर्यंत त्यात काय काय पडलं होतं, आणि वर दोन आठवड्यांचा पाऊस. ती मागून म्हणाली, "आता काय सापडायचं हाय त्यात? चला, च्या टाका."

पुढच्या आठवड्यात मी गाडी ठरवून साताऱ्याला जाऊन आले. आपल्या घराच्या जागी पाच मजले उभे होते आणि मागं, दगड होता तिथं, गाड्या लावायला फरशी. पहारेकऱ्याला मी झाडाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आजी, इथं कुंड्याच आहेत, वरच्या गॅलऱ्यांत." मी आजूबाजूच्या चार घरी विचारलं, कुणी कधी त्याचं कलम नेलं होतं का. एका म्हाताऱ्या बाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "फुलं मात्र आम्ही सगळ्यांनी नेली हो." कलम कुणी नेलं नव्हतं. तुमची आई सोडून कुणाला तसं सुचलंच नव्हतं.

मी तिला सांगणार होते. फोनवर नको, पण मग कुठं? ती दर फोनला विचारायची, "काय म्हणतोय चाफा? कळी?" मी म्हणायचे, "येईल." दसऱ्याला सांगायचं असं मी ठरवलं. सणाचा दिवस, ती घरी असेल, तुमचे बाबाही जवळ असतील, म्हणजे ती चिडली तरी हसण्यावारी नेईल. दसऱ्याला मी फोन उचलला आणि माझ्या आधी तिनंच बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं मला पायरी पायरीनं सांगितलं, माझ्यासारखंच, ओळीनं. आधी काय, मग काय. शेवटी म्हणाली, "आई, ऐकतेस ना? लिहून घेऊ नकोस, नुसतं ऐक." मी खरंच लिहून घेत होते.

त्यानंतर चाफ्याची गोष्ट काढायला मला जागा सापडली नाही. खरं तर जागा होती. मी ती शोधली नाही.

सव्वा वर्षानं, जानेवारीत, दोन उपचारांच्या मधे ती एकटीच बारा दिवस इथं आली. डोक्याला रुमाल, अंगात तुमच्या बाबांचा स्वेटर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात कप विसळत होते आणि खिडकीतून पाहिलं तर ती चाफ्यापाशी. झाड तेव्हा तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. तिनं वर पाहिलं नाही. ती आधी खाली बसली, तिला बसायला त्रास होत होता, एक हात भिंतीला लावून बसली. पेंढा बाजूला केला. जोड तेव्हा उघडा होता, शेजारणीनं काढलेली माती मी परत घातली नव्हती. त्या सुकलेल्या थोटकावर तिनं अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला. मी तोच कप विसळत होते.

आत आली तेव्हा तिनं पायपुसण्यावर पाय नीट पुसले. म्हणाली, "आई, चहा टाकतेस?" मी आधण ठेवलं.

"सरळ वाढलंय," ती म्हणाली.

"हो."

"पाणी फार घालू नकोस त्याला. खुंट दणकट आहे."

खुंट म्हणाली. झाड म्हणाली नाही. मी पाठमोरी होते. चहात साखर घातली, मग आठवलं की तिला साखर बंद आहे, तो ओतून दुसरा केला. तोवर ती धाकट्याच्या पडलेल्या दातांबद्दल बोलायला लागली होती.

उरलेले नऊ दिवस आम्ही दोघी सतत बरोबर होतो. तिनं मला माझ्या गोळ्यांचे डबे लावून दिले, मोबाइलमधले फोटो वेगळे करून दिले. मी रोज तिला काय आवडेल ते केलं, त्यातलं तिनं थोडंसं खाल्लं. मी वाट पाहत होते तिनं विचारण्याची. आता वाटतं, तीही वाट पाहत असेल, मी सांगण्याची. विमानतळावर सामान ढकलत आत जाताना ती मागं वळली आणि म्हणाली, "आई, तू काही म्हणत होतीस का?"

मी म्हटलं, "नाही गं. काही नाही. जा तू, उशीर होईल."

ऑगस्टमध्ये ती गेली. या ऑगस्टला दोन वर्षं होतील. माझा व्हिसा वेळेत झाला नाही, मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताई, तू दार उघडलंस, माझी पिशवी घेतलीस, आणि आत जाता जाता विचारलंस, "आजी, आईच्या झाडाला फूल आलं?" सगळ्या प्रवासात मी कितीतरी गोष्टींची तयारी केली होती, याची केली नव्हती. मी म्हटलं, "येईल, बाळा." तिला द्यायचे तेच उत्तर मी तुला दिलं. तेव्हापासून ते झाड आईचं झालं. तुमच्यासाठी मी त्याचे फोटो काढत राहिले, तुमच्या वाढदिवसाला त्याच्याशेजारी उभी राहून.

फेब्रुवारीतल्या तुझ्या फोननंतर मी शेजारणीला सगळं सांगितलं. ती बांधावर बसून पावटा निवडत होती.

"येत्यात तर येऊ द्या की," ती म्हणाली. "त्याच्यावर वरनं दुसरं बांधून घ्या. नर्सरीत लई काड्या हायेत. पिवळं फूल आलं का झालं. पोरांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळलं तरी..."

"मंग कुनाला कळायचं हाय? मला ठावं हाय, मी काय फोन करून सांगाया जात न्हाई. आन झाडाला तोंड न्हाई."

"तुम्ही केलं असतं असं?"

ती हसली नाही. शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "माझी नातवंडं हितंच हायेत, काकू. मला खोटं बोलाया येळ कुटं घावतो?"

मी नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मोठ्या झाडावर बांधायचं तर आता मार्चमध्ये ते कमरेएवढ्यावर कापायला हवं. नवे फुटवे येतील, पावसाच्या तोंडावर त्यांच्यावर काड्या बांधता येतील. पोरं येईतो जोड धरलेला असेल. मी "या" म्हटलं.

तो करवत घेऊन आला. वितीनं माप घेतलं, खोडावर खडूनं रेघ ओढली. "हितनं घेऊ, मॅडम?" मी मान हलवली. करवत दोनदा फिरली. ओल्या सालीचा वास सुटला, फुलाचा नव्हे, पण त्याच घरातला.

"थांबा."

"काय झालं?"

"राहू द्या."

"आवो, आता कापाया घेतलं..."

"दोनदाच फिरलीय. राहू द्या."

त्यानं करवत मांडीला पुसली. "मॅडम, बिनकामाचं झाड हाय ह्ये. अजून चार वरीस फुलायचं न्हाई. आन फुललं तर कसलं फुलंल, कुनाला म्हाईत." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग? मी हातानं खडूची रेघ पुसून टाकली. बांधावरून शेजारीण ओरडली, "जावा घरी तुमी! काकूंचं काय खरं न्हाई आज."

त्या झाडाची मला दया आली, असं समजू नका. चार वर्षं मी त्याला पाणी घातलं ते जिवावर आल्यासारखं. करवत फिरताना मला तू दिसलीस, ताई. जुलैतल्या पावसात रेनकोट घालून, नर्सरीतल्या कुठल्याशा फांदीची काडी हातात घेऊन, जीभ दातांत धरून पट्टी गुंडाळताना. तुझी आई सुईत दोरा ओवताना जीभ अशीच धरायची. आणि तू ती काडी आईची समजून बांधत असशील, आणि मी छत्री धरून शेजारी उभी असेन. ते मला पाहवलं नाही. पहिली चूक मी न कळता केली, बाकी सगळं मी कळून केलं आहे, आणि ते तिथं थांबायला हवं होतं.

करवतीची ती दोन ओरखड्यांची खूण खोडावर आहे. आलात तर दिसेल. साताऱ्याच्या झाडाचं माझ्याकडे दुसरं काहीही नाही, एक पानसुद्धा वाळवून ठेवलेलं नाही. मी सगळं जपून ठेवणारी बाई, तरी नाही. कलमं बांधायचीच असली तर काड्या रिह्याहून आणू, त्या कुठल्या झाडाच्या आहेत ते तिथल्या माणसाला समोर उभं करून विचारू, आणि तुम्ही बांधा. बांधायची नसली तर तसं सांगा. यायचंच नाही असं ठरलं तरी मी समजेन. आजी एकटी आहे म्हणून येऊ नका.

हे तुमच्या बाबांनाही तुमच्याबरोबरच कळेल, त्यांना मी वेगळं काही लिहिलेलं नाही.

मला एकच विचारायचं आहे, आणि ते विचारायचा हक्क मला आहे की नाही हे ठाऊक नाही. त्या जानेवारीत इथून परत आल्यावर तुमची आई तुमच्यापैकी कुणाशी झाडाबद्दल काही बोलली होती का? हॉस्पिटलात, घरी, गाडीत, कुठंही. तिला कळलं होतं का, कळून ती माझ्यावर रागावली होती का, की हसली होती. काही बोलली असेल तर मला ते हवं आहे, तिच्याच शब्दांत, त्यात माझ्यासाठी म्हणून काही कमी-जास्त न करता. आणि काहीच बोलली नसेल, तर तेही तसंच सांगा.